रस्सा मिळून येत नाही: रात्रीच्या घाईतला कडधान्यांचा दाट रस्सा

सांजवेळ (सोमवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी,

आठवड्याचे पाच दिवस मी साडेसातला घरात शिरते आणि सव्वाआठला जेवायला बसायचं असतं. मधल्या पाऊण तासात एकाच भांड्यात होणारं, पोटभरीचं आणि पूर्णपणे वनस्पतिजन्य असं काहीतरी हवं. दूध, लोणी, साय यातलं काही आमच्याकडे चालत नाही. राजमा किंवा छोल्यांचा दाट रस्सा करावा हे मला मनापासून पटलंय. पण गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा केला आणि चारही वेळा तेच झालं. वाटीत वाढला की दाणे तळाशी आणि वर पातळ लालसर पाणी. दोघांची ओळखच होत नाही.

मी करते ते असं: कांदा दोन-तीन मिनिटं परतते, त्यावर चिरलेले दोन टोमॅटो, डब्यातला शिजलेला राजमा निथळून आणि धुऊन, दोन वाट्या पाणी, मीठ, जिरेपूड, मिरपूड. दहा मिनिटं उकळी, की झालं.

साय न घालता हा रस्सा मिळून कसा आणायचा? कॉर्नफ्लोअर लावून दाट करायचा नाहीये, त्याचा चिकटपणा घरात कुणालाच आवडत नाही.

एकच_पळी (रात्री १०:०५)

पळीभर दाणे भांड्याच्या कडेला दाबून चेचा आणि ढवळा. दाण्यातला स्टार्च पाण्यात उतरला की रस्सा धरतो. बाकी काही बदलू नका, आधी एवढंच करून बघा.

मंदआच (रात्री १०:४०)

एकच_पळी यांच्याशी अर्धी सहमत. चेचल्यावर दाटपणा येईल, चव येणार नाही. सांजवेळ, चव तुमच्या त्या दोन-तीन मिनिटांच्या कांद्यातच राहून जातेय. दोन मिनिटांत कांदा फक्त गरम होतो. पुढे पाण्यात तो उकडला जातो आणि त्याचा गोडवा कधीच बाहेर येत नाही.

चार जणांसाठी मी करते ते सांगते. जाड बुडाचं पातेलं, तीन मोठे चमचे तेल, दोन मध्यम कांदे बारीक चिरून. चिमूटभर मीठ कांद्याबरोबरच घालायचं, म्हणजे तो पाणी सोडतो आणि करपत नाही. मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटं. कडा तपकिरी व्हायला लागल्या आणि चमच्याने दाबल्यावर कांदा लोण्यासारखा पसरला की चार पाकळ्या लसूण, मिनिटभर. मग दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट आणि मसाल्याच्या पुडी.

इथे घाई करू नका. पेस्ट आधी लालभडक असते आणि कच्चा आंबट वास येतो. दोन-तीन मिनिटं सतत हलवत राहिलं की रंग विटकरी होतो, कडेने तेल सुटतं, बुडाला पातळ तपकिरी पापुद्रा धरतो. सगळी चव त्या पापुद्र्यात आहे. तो करपायच्या आत अर्धी वाटी पाणी घालून लाकडी चमच्याने खरवडून घ्यायचा.

मग दोन डबे दाणे, दीड वाटी पाणी, एक तमालपत्र. पळीभर दाणे चेचून, झाकण अर्धवट ठेवून १५ मिनिटं रटरटू द्यायचं. गॅस बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस आणि वरून चमचाभर कच्चं ऑलिव्ह तेल. सायीची स्निग्धता त्या तेलाने भरून निघते. लिंबू उकळत्या रश्शात कधीच घालू नका, त्याचा ताजेपणा उडून जातो.

पस्तीस मिनिटं लागतात आणि त्यातली निम्मी तुम्ही स्वयंपाकघराबाहेर असता.

अक्षरवेल (रात्री १०:५२)

वाचनखूण साठवली. पेस्ट परतायची असते हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

तमालपत्र (रात्री ११:१५)

मंदआचताई, माझा उल्लेख पाककृतीत केल्याबद्दल आभार :)

एक भर घालते. डब्यातलं पाणी फेकून का देता? दाणे त्याच पाण्यात शिजलेले असतात, त्यात स्टार्चही असतो आणि थोडी प्रथिनंही. ते साध्या पाण्याऐवजी घातलं की रस्सा आपोआप पळीला धरतो. सांजवेळ यांच्या पातळ पाण्याचं निम्मं कारण दाणे 'निथळून आणि धुऊन' घेण्यात आहे असं मला वाटतं.

प्रयोगवही (रात्री ११:३०)

सरसकट नको. त्या पाण्यात मीठ बरंच असतं. दाणे निथळून धुतले तर साधारण ४० टक्के सोडियम कमी होतं, आणि ज्यांना रक्तदाब आहे त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. डब्यावर 'मीठ न घातलेले' असं लिहिलेलं असेल तर ते पाणी खुशाल वापरा. नसेल तर धुवा आणि दाटपणासाठी चेचा.

तमालपत्र (रात्री ११:३४)

हे मान्य. मी मीठ नसलेलाच डबा आणते, म्हणून लक्षात आलं नाही.

मसूरप्रेमी (मंगळवार, सकाळी ७:२०)

इतका खटाटोप कशाला? मसूर डाळ घ्या. भिजवायची नाही, डबा फोडायचा नाही, २० मिनिटांत स्वतःच विरघळून दाट होते.

एकच_पळी (सकाळी ७:४५)

त्याला वरण म्हणतात हो. सांजवेळ यांना दाताखाली दाणा हवाय.

मंदआच (सकाळी ८:१०)

दोघांचं एकत्र करा ना. मूठभर मसूर डाळ राजम्याबरोबर घालायची. डाळ विरघळून रस्सा दाट करते, राजमा अख्खा राहतो. फक्त पाणी वाटीभर जास्त लागतं आणि २० मिनिटं रटरटावं लागतं. मीही ज्या दिवशी चेचायचा कंटाळा असतो त्या दिवशी हेच करते.

मसूरप्रेमी (सकाळी ८:१२)

हा तह मंजूर.

भिजवण (मंगळवार, दुपारी १:३०)

मी डब्यांच्या वाटेला जात नाही. रविवारी अर्धा किलो कोरडे दाणे शिजवून ठेवतो आणि आठवडाभर वापरतो. हिशेब सोपा आहे. साधारण ४०० ग्रॅमच्या डब्यात निथळून २४० ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात. १०० ग्रॅम कोरडे दाणे शिजून तेवढेच होतात. म्हणजे अर्धा किलोत पाच डबे. निम्मे फ्रीजमध्ये, ते तीन-चार दिवसांत संपवायचे. उरलेले त्यांच्याच शिजवलेल्या पाण्यात बुडवून, डब्याएवढे वाटे करून फ्रीजरमध्ये. पाण्याशिवाय गोठवले तर दाणे कोरडे पडतात आणि सालं सुटतात. गोठलेला गोळा सरळ रश्शात टाकायचा, दहा मिनिटांत सुटतो.

चवीत इतका फरक आहे की माझी मुलगी डोळे मिटून ओळखते. तिने एकदा दोन वाट्या समोर ठेवायला लावल्या आणि दोन्ही वेळा बरोबर सांगितलं.

आणि भिजवताना पाण्यात मीठ घाला. लिटरला साधारण १५ ग्रॅम.

निवांत_७ (दुपारी २:०५)

मीठ?? मिठाने दाणा कडक होतो असंच ऐकत आलोय.

प्रयोगवही (दुपारी २:४०)

हा समज खूप जुना आहे आणि उलटा आहे. दाण्याची साल आणि पेशी पेक्टिनने एकमेकींना धरून असतात, आणि त्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट बांधून ठेवतात. मिठातलं सोडियम सालीत शिरून त्यांची जागा घेतं. बांधणी सैल होते, साल मऊ पडते, दाणा न फुटता शिजतो. ज्यांच्याकडे जड पाणी येतं त्यांचे दाणे शिजत नाहीत त्याचंही कारण हेच, पाण्यातल्या कॅल्शियमने पेक्टिन आणखी पक्कं होतं.

दाणा कडक करतं ते आंबट. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांच्या आम्लात पेक्टिन विरघळायला फार वेळ लागतो. म्हणून दाणे पूर्ण शिजल्याशिवाय टोमॅटोशी गाठ घालायची नाही.

गणंग (दुपारी ३:१५)

प्रयोगवही, हे मला दोन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. पाहुणे यायचे होते. रात्रभर भिजवलेले छोले, टोमॅटो, कांदा सगळं एकत्र पातेल्यात चढवलं, म्हटलं सगळ्याची चव एकमेकांत उतरेल. दीड तास झाला, रस्सा आळून चटणीसारखा झाला, वास घरभर, आणि दाणा दातांखाली कटकन मोडतोय. पाहुणे बिचारे पाव त्या चटणीत बुडवून खात राहिले आणि छोले कडेला सारत राहिले. ताटांच्या कडेला लागलेली ती दाण्यांची रांग अजून डोळ्यांसमोर आहे.

आता मी आधी बोटचेपे शिजवतो, मग बाकीचं.

अक्षरवेल (दुपारी ३:२२)

नाव गणंग आणि सल्ला बोटचेपा :)

हिरवा_कंदील (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

सांजवेळ, तुमची अडचण वेळेची आहे ना? मग स्लो कुकर घ्या. सकाळी निघताना कच्चा राजमा, कांदा, पाणी घालून मंद आचेवर लावून जायचं. संध्याकाळी रस्सा तयार. मी लवकरच सुरू करणार आहे, कुकर आणलाय.

प्रयोगवही (संध्याकाळी ६:२५)

हिरवा_कंदील, कृपया थांबा. कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये घालू नका.

राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असतं. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त, पांढऱ्यात त्याहून कमी. नीट न शिजलेले चार-पाच दाणेही त्रास द्यायला पुरतात. खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या, मग जुलाब. ते नष्ट व्हायला खळखळती उकळी लागते. मंद आचेवर स्लो कुकरमधलं तापमान बऱ्याचदा ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच घुटमळतं, आणि अशा अर्धवट उष्णतेत हा विषारीपणा कच्च्या दाण्यापेक्षाही वाढू शकतो. दाणा मऊ लागतो, म्हणून माणूस फसतो.

रीत अशी: किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात खळखळ उकळा. १० मिनिटं ही अगदी कमीत कमी, ३० मिनिटं उकळलं तर निर्धास्त. त्यानंतर हवं तर स्लो कुकरमध्ये घाला. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तिथे भिजवलेला राजमा पूर्ण शिजवला तर काळजी नाही. डब्यातले दाणे आधीच शिजलेले असतात, ते सुरक्षित.

तमालपत्र (संध्याकाळी ७:००)

हे आमच्या घरात घडलंय म्हणून लिहिते. सॅलडसाठी राजमा उकडला होता. वरून मऊ, आत जरासा कचकचीत. छान लागतोय म्हणून तसाच वाढला. दोन तासांनी आम्ही तिघंही न्हाणीघराच्या दारात रांगेत. आईने फक्त पाव आणि काकडी खाल्ली होती, ती तेवढी ठणठणीत. तिच्यामुळेच आम्हाला उमगलं की दोष राजम्याचा. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी पाच दाणे काढून चाखते, एक नाही. एक दाणा नशिबाने मऊ निघू शकतो.

हिरवा_कंदील (संध्याकाळी ७:१५)

प्रयोगवही, तमालपत्र, दोघींचे मनापासून आभार. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. उद्या सकाळी हेच लावून जाणार होतो.

निवांत_७ (रात्री ८:३०)

गंभीर विषयानंतर एक साधा प्रश्न. पोटात वारा धरतो त्याचं काय? आमच्या घरी रश्शाला नकार येतो तो त्याच कारणाने.

भिजवण (रात्री ८:५०)

भिजवलेलं पाणी ओतून द्या. रॅफिनोज आणि स्टॅकिओज अशा साखरा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू होतो. त्यातला काही भाग भिजवलेल्या पाण्याबरोबर जातो. आणि एकदम दोन वाट्या खाऊ नका. आठवड्यातून दोन-तीनदा, अर्ध्या वाटीपासून सुरुवात करा. पोटाला सवय लागते, आमच्याकडे महिन्याभरात लागली.

मंदआच (रात्री ९:०५)

चवळीनेही सुरुवात करता येईल. लहान दाणा, पातळ साल, न भिजवताही तासाभरात शिजते.

अक्षरवेल (रात्री ९:२०)

अवांतर: छोल्यांच्या डब्यातलं पाणी फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो म्हणतात, ते खरं का?

प्रयोगवही (रात्री ९:३१)

खरं आहे. त्याला अ‍ॅक्वाफाबा म्हणतात, लॅटिनमध्ये पाणी आणि शेंगदाणा... नव्हे, पाणी आणि घेवड्याची बी. हे नाव २०१५ सालचं. साधारण तीन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडं. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर सांजवेळ बाजूलाच राहतील.

दुपारचं_ऊन (बुधवार, सकाळी १०:४०)

पहिल्यांदाच लिहितेय. वडिलांना कवळी आहे आणि मांसाहार डॉक्टरांनी बंद केलाय. त्यांना दाणा मऊ लागतो, पण गाळ झालेलं अन्न समोर ठेवलं की त्यांचा चेहरा उतरतो. "हे आजाऱ्याचं आहे," म्हणतात. त्यांच्यासाठी मी पांढरा राजमा करते. शिजला की नाही हे बोटाने बघत नाही. दाणा जिभेवर ठेवायचा आणि टाळूला दाबायचा. दात न लावता तो लोण्यासारखा पसरला, की त्यांना चालतो. बाहेरून दाणा अख्खा दिसतो, म्हणून ते चमच्याने मोजून मोजून खातात आणि मान डोलावतात. भिजवताना मीठ घातलं तर साल आणखी मऊ होईल ना? सालच कवळीखाली अडकते.

भिजवण (सकाळी ११:०५)

नक्की होईल. रात्रभर ठेवा आणि सकाळी ते पाणी ओतून, दाणे धुऊन मगच शिजवा, म्हणजे खारट होणार नाही. तरीही साल अडकली तर शिजवताना अर्धा लिटर पाण्याला चिमूटभर खायचा सोडा. चिमूटभरच. जास्त झाला तर साबणासारखी चव येते. आणि वडिलांना मीठ कमी सांगितलं असेल तर मीठ टाळून फक्त सोडा वापरू नका, त्यातही सोडियम असतं, डॉक्टरांना विचारा. दाणे घेताना ताजे बघा. उष्ण, दमट जागी वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला दाणा काही केल्या मऊ होत नाही.

मंदआच (सकाळी ११:२०)

दुपारचं_ऊन, टाळूवर दाबून बघायची तुमची रीत मी आजपासून उचलली.

निवांत_७ (बुधवार, दुपारी ४:१५)

लोह मिळावं म्हणूनही आम्ही कडधान्यं खातो. त्यासाठी रश्शात काही घालावं का?

प्रयोगवही (दुपारी ४:४०)

मंदआच यांचं शेवटचं लिंबू आहेच, 'क' जीवनसत्त्वाने वनस्पतींमधलं लोह जास्त शोषलं जातं. कच्ची ढोबळी मिरची बारीक चिरून वरून घातली तरी चालेल. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह अडवतो, तासभर जाऊ द्या. आणि पूर्ण वनस्पतिजन्य आहार असणाऱ्या सगळ्यांसाठी: बी-१२ कडधान्यांतून मिळत नाही, ते वेगळं घ्यावंच लागतं.

सांजवेळ (गुरुवार, रात्री ९:३५)

मंडळी, आज केला.

सात चाळीसला कांदा चढवला आणि मोबाईलवर बारा मिनिटं लावली. आठव्या मिनिटाला हात शिवशिवत होते, झालाच की म्हणून. थांबले. शेवटच्या चार मिनिटांतच त्याचा रंग बदलला. पेस्ट परतताना पापुद्रा धरला तेव्हा आधी जीव घाबरा झाला, वाटलं करपलं. पाणी घालून खरवडलं तर बुडातलं सगळं तपकिरी दोन सेकंदांत सुटून रश्शात मिसळलं आणि वास एकदम पालटला. दाणे धुऊन घेतले, कारण डब्यात मीठ होतं. एकच_पळी यांच्या सांगण्याप्रमाणे पळीभर चेचले. १५ मिनिटं अर्ध्या झाकणाखाली. लिंबू, तेल.

आठ वीसला वाढला. पळी उलटी केली तर रस्सा सावकाश ओघळला, दाण्यांना धरून. मुलाने विचारलं, यात साय आहे का?

एकच शंका उरलीय. उरलेला रस्सा आत्ता बघितला तर पिठल्यासारखा घट्ट झालाय. उद्या गरम करताना काय करू?

मंदआच (रात्री ९:४८)

छानच झालं. थंड झाल्यावर स्टार्च घट्ट बसतो, तसं होणारच. उद्या अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर सैल करा. लिंबू पुन्हा थोडं पिळा, आजचं उद्यापर्यंत मावळतं. मीठ मात्र चाखल्याशिवाय घालू नका.

भिजवण (रात्री ९:५५)

आणि रविवारी अर्धा किलो भिजवा.

सांजवेळ (रात्री १०:०२)

पांढरा राजमा आणलाय. शनिवारी रात्री भिजत घालते, मीठ घालून.

दुपारचं_ऊन (रात्री १०:२०)

मीही शनिवारीच घालतेय. वडिलांना जमला की इथे येऊन सांगते.